सूचनाफलक कोठें लावावा ?

घरास कुलूप लावतांना किल्ली आंतच विसरली, तर मालकास स्वतःच्याच दाराबाहेर उभें राहावें लागतें. मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतींतही असा प्रकार घडतो, असें म्हटलें तर आमच्या बालवाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु तो घडला आहे, आणि त्यापासून आपण सर्वांनीं घेण्यासारखा धडा आहे.

इंटरनेटवरील संकेतस्थळ म्हणजे कोठेंतरी दूर ठेवलेल्या संगणकांवरील मजकूर होय. स्वतःचे संगणक ठेवण्याऐवजीं पुष्कळ संस्था दुसऱ्याच्या संगणकांवर जागा भाड्यानें घेतात. ॲमेझॉन ही कंपनी अशी जागा देते. ता. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अमेरिकेंतील उत्तर व्हर्जिनिया येथील तिच्या केंद्रांतील थोडेसे संगणक बाजूस काढण्यासाठीं एका नोकरानें आज्ञा दिली. तींत चूक झाली व नको तितके संगणक निघाले. सुमारें चार तास असंख्य संकेतस्थळें अडखळलीं.

खरी मौज पुढेंच आहे. कोणती सेवा चालू व कोणती बंद, हें दाखविणारा कंपनीचा एक फलक होता. पण त्यावरील खुणा बदलण्याची सोय त्याच बंद पडलेल्या संगणकांवर अवलंबून होती! लोक खोळंबले असतां फलक मात्र ‘सर्व ठीक’ असेंच दाखवीत राहिला. अखेर फलकाच्या माथ्यावर मजकूर लिहून, आणि तेव्हां ट्विटर या नांवानें चालणाऱ्या परक्या संकेतस्थळावरून, कंपनीनें खरी स्थिति कळविली.

दुसरें उदाहरण ता. ४ ऑक्टोबर २०२१ चें. फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम यांची मालकी एकाच कंपनीची. देखभालीच्या वेळीं दिलेल्या एका आज्ञेनें तिच्या केंद्रांना जोडणारें जाळेंच तुटलें, आणि तिचा पत्ता जगास सांगणारीं यंत्रेंही दिसेनाशीं झालीं. सुमारें सहा तास सर्व व्यवहार ठप्प झाला. दुरुस्तीचीं साधनेंही त्याच जाळ्यावर असल्यामुळें कारागिरांस प्रत्यक्ष केंद्रांत जावें लागलें. या कंपनीसही आपली दिलगिरी ट्विटरवरच कळवावी लागली.

यावरून तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, बातमीची दुसरी वाट पहिलीपासून अगदीं स्वतंत्र असावी. व्हॉट्सॲप बंद पडल्यावर व्हॉट्सॲपवरचाच दुसरा गट काय कामाचा ? तेथें साधा फोन किंवा फाटकावरील फळाच उपयोगीं पडतो. दुसरी, ती वाट सर्वांस आधींपासून ठाऊक असावी. संकट आल्यावर तिचा पत्ता सांगावयास मार्गच उरत नाहीं. तिसरी, सूचना खरी असावी. काय बंद आहे, काय अद्याप कळलें नाहीं, आणि पुढील खबर किती वाजतां मिळेल, एवढें लिहावें. दुरुस्तीची वेळ ठाऊक नसतां ‘लवकरच’ असें लिहूं नये. जेथें मौन असतें तेथें अफवा शिरते.

ही गोष्ट केवळ कंपन्यांची नव्हे. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ठिकठिकाणीं वीज गेली, फोन मुके झाले, आणि कित्येक मुलांनीं रात्र शाळेंतच काढली. त्या रात्रीं आईबापांना एकच वाक्य ऐकावयाचें होतें : मूल शाळेंतच आहे, सुखरूप आहे. तें पोंचविण्यास तार नव्हती, वाट नव्हती. परंतु ‘संपर्क तुटला तर मुलानें शाळा सोडावयाची नाहीं’ असें ज्या घरीं आधींच ठरलें असेल, त्या घरीं तें वाक्य न बोलतांच पोंचलें असेल.

आधीं केलेला ठराव ही अशी बातमी आहे, कीं तिला यंत्र लागत नाहीं. म्हणून आमची पालकांस व विद्यार्थ्यांस विनंति आहे, कीं हा अंक मिटण्यापूर्वीं घरांत तीन प्रश्नांचा निकाल लावावा : फोन बंद पडला तर मूल कोठें थांबेल, त्यास आणावयास कोण जाईल, आणि निरोप कोणत्या शेजाऱ्याकडे ठेवावयाचा ? उत्तरें एका कागदावर लिहून तो दप्तरांत ठेवावा. कागदास वीज लागत नाहीं.