दारातलं तळं : हौसेआधी तीन प्रश्न

मैत्रिणींनो, घराभोवती चार हात मोकळी जागा असली की बाईच्या मनात काय काय येतं! कुणाला जाईचा मांडव हवा असतो, कुणाला कढीपत्ता-लिंबू, कुणाला ऐसपैस झोपाळा. माझ्या मनात बरीच वर्षं एक तळं होतं. फार मोठं नाही हं! परसात बसलं की समोर दिसेल, दोन फुलं उमलतील, चिमण्या पाण्यावर येतील, एवढंच.

आमचं गाव माणदेशाच्या वेशीवरचं. नळाला तीन दिवसांआड पाणी. अशा ठिकाणी तळ्याची हौस बोलून दाखवली की काय होतं, ते तुम्हीच ओळखा! आमचे हे म्हणाले, “प्यायला टँकर मागवायचा आणि फुलांना तळं भरायचं?” धाकटी जाऊ काही बोलली नाही, पण दीड वर्षाच्या लेकाला तिने जरा जवळ ओढलं. आणि शेजारच्या वहिनी तर स्पष्टच म्हणाल्या, “ताई, तुम्ही दारात डास पाळायला निघालात!” त्यांचं बोलणं मला लागलं नाही. आदल्या वर्षी, 2021 च्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात होता. त्या आईला भीती वाटणार नाही तर कुणाला?

पाणी, लेकरू आणि डास. या तिघांचे तीन प्रश्न मी वहीत लिहून काढले आणि ठरवलं, तिन्हींची उत्तरं मिळाली तरच कुदळ मारायची. आज तळ्याला काही वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणाच्या मनात अशी हौस असेल, तर त्या वहीतलं तुमच्यापुढे ठेवते.

जागा आधी, खड्डा नंतर

तळ्याची जागा कागदावर ठरत नाही. मी परसात रांगोळीने आकार आखला आणि आठ दिवस तसाच ठेवला. सकाळी ऊन कुठे, दुपारी सावली कुठे, येता-जाता पाय कुठे अडखळतो, सगळं कळतं. पाण्यातल्या फुलांना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. लिंबाच्या किंवा बदामाच्या झाडाखाली तळं नकोच. पाला पडून कुजतो, पाण्याला वास येतो आणि मुळंही त्रास देतात. शौचालयाच्या टाकीपासून लांब राहायचं. अंगणाचा सगळ्यांत सखल कोपराही टाळायचा, नाहीतर पावसात सगळा गढूळ लोंढा तळ्यात!

आमचं तळं आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल आहे. एका लांब बाजूला फूटभर रुंदीची पायरी ठेवली. तिथे पाणी फूटभरच, म्हणजे कुंड्या ठेवायला सोय. यापेक्षा उथळ केलं तर मे महिन्यात पाणी तापून माशांचे हाल होतात.

आता सिमेंटचं करायचं की कागदाचं? आमच्याकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, भेगा पडतात. पातळ सिमेंटचा हौद तिच्यात तडकायला वेळ लागत नाही. मग सुचला शेततळ्याचा कागद! आपल्या भागात तो आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 500 मायक्रॉन जाडीचा घेतला. माप काढणं सोपं आहे. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि दोन्ही काठांवर दाबायला एकेक फूट धरायचा. आमची लांबी आठ, अधिक चार, अधिक दोन, म्हणजे चौदा फूट. तसंच रुंदीचं अकरा फूट. खड्ड्यातले खडे वेचून खाली दोन इंच वाळू आणि त्यावर जुनी पोती अंथरली, म्हणजे कागदाला टोक लागत नाही. काठ मातीत नीट पुरायचे, नाहीतर घूस कुरतडते. भोवती सहा इंच उंच दगडी कठडा बांधून घेतला. गवंडीकाकांनी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी लावून चारही बाजू एका पातळीत आणल्या. हे महत्त्वाचं आहे. काठ वाकडा असला की पाणी लगेच चुगली करतं! सासूबाईंना सापाची काळजी होती, म्हणून दगडांमधल्या फटी सिमेंटने भरून घेतल्या आणि भोवतीचं गवत मी वाढू देत नाही.

ज्यांना सिमेंटचाच हौद करायचा असेल त्यांनी घाई करू नये. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. पाणी भरून आठवडाभर ठेवायचं, काढून टाकायचं, असं तीन-चार वेळा केल्याशिवाय मासे सोडू नयेत.

पहिला प्रश्न : पाणी

पायरी वजा जाता आमच्या तळ्यात साधारण दोन हजार लिटर पाणी मावतं. ते नळाचं भरायचं नाही, हे ह्यांना मी आधीच कबूल केलं होतं. हिशोब असा. शंभर चौरस फूट छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वद लिटरच्या आसपास पाणी मिळतं. मागच्या बाजूच्या चारशे चौरस फूट छताचा पाईप तळ्याकडे वळवला. तशा सहा चांगल्या सरी झाल्या की तळं भरतं. खणायचं काम एप्रिल-मेमध्ये उरकलं. पहिल्या वळवाचं पाणी वाहून जाऊ दिलं, कारण त्यात छतावरची सगळी धूळ असते. त्यानंतरचं मात्र थेंबन् थेंब आत!

खरा खर्च होतो तो उन्हाळ्यात. कडक उन्हात दिवसाला एक सेंटिमीटरपर्यंत पाणी उडतं. आमच्या मापाच्या तळ्याचं ते पस्तीस-चाळीस लिटर होतं, म्हणजे अडीच बादल्या. निम्म्या पाण्यावर पानं पसरलेली असली की पाणी कमी तापतं आणि शेवाळंही आटोक्यात राहतं. शिवाय दर आठवड्याला चार-पाच बादल्या जुनं पाणी काढून मी कढीपत्त्याला आणि गुलाबांना घालते. माशांच्या विष्ठेमुळे ते पाणी म्हणजे आयतं खत! बागेला जे पाणी एरवी घालणारच होते, ते आता तळ्यातून फिरून जातं. हा हिशोब मांडल्यावर ह्यांची तक्रार मिटली.

नळाचं पाणी घालायची वेळ आली, तर ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घालायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. आरओचं वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार फार असतात. आणि साबणाचा एक थेंबही नको.

काठाच्या तीन इंच खाली जास्तीचं पाणी जायला पाईप ठेवला आणि त्याला बारीक जाळी बसवली. ते पाणी अळूच्या वाफ्यात जातं. अळूवडीसाठी पानं विकत आणायला नकोत!

दुसरा प्रश्न : लेकरू

याबाबतीत मात्र “आम्ही लक्ष ठेवू” एवढं उत्तर पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना ते ओरडत नाही. आपल्याला वाटतं आवाज येईल. तो येत नाही.

म्हणून जाऊबाईंना शब्द दिला की आधी जाळी आणि मग पाणी. लोखंडी वेल्डिंगची जाळी केली. तिची भोकं दोन इंचांचीच ठेवली. ती पाण्याच्या आत नाही, पातळीच्या वर बसवली, म्हणजे मूल वर पडलं तरी तोंड पाण्यात जाणार नाही. मधोमध आडवे अँगल दिले आणि पाणी सोडण्याआधी त्यावर एक मोठं माणूस उभं करून पाहिलं. गंज लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात रंग देतो. फुलं जाळीतून वर येतात, दिसायला काही वाईट दिसत नाही. जाऊबाईंचा लेक आता शाळेत जातो, तरी जाळी काढलेली नाही. घरात पाहुण्यांची मुलं येतच असतात. आणि जाळी असली तरी लहान मूल परसात असताना मोठं माणूस हवंच हवं.

कारंज्याचा पंप लावायचा असेल तर वायरमनकडून ईएलसीबी बसवून घ्या. पाण्याशी विजेचा खेळ नको. आमच्याकडे पंप नाही. लाइट गेली की मासे गुदमरतील, असं काही ठेवायचंच नाही, असं आधीच ठरलं होतं.

तिसरा प्रश्न : डास

वहिनींचं म्हणणं निम्मं खरं होतं. नुसतं पाणी साठवलं, त्यात मासे सोडले नाहीत, तर ते तळं म्हणजे डासांचा पाळणाच! डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. भांड्याच्या कडेला, पाण्याच्या जरा वर तो अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणूनच आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना बॅरल नुसतं उपडं करून भागत नाही, आतून घासावं लागतं.

तळं भरलं त्याच दिवशी आम्ही वीस-पंचवीस गप्पी मासे सोडले. छताचं पाणी असल्यामुळे क्लोरीनचा प्रश्न नव्हता. गप्पी डासांच्या अळ्या खातात आणि थेट पिल्लंच देतात, त्यामुळे भराभर वाढतात. जिल्ह्याच्या हिवताप कार्यालयाकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी ते मिळतात. त्यांना फार खायला घालू नका. पोट भरलेला मासा अळ्या कशाला शोधेल? एक मात्र लक्षात ठेवा. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. ओढ्यात, नदीत, विहिरीत तो सोडू नका, तिथल्या देशी माशांना त्रास होतो.

जलपर्णी फुकट मिळते, फुलंही छान जांभळी असतात, पण तिला घरात घेऊ नका. पंचगंगेचं काय झालं ते आपण पाहतोच. शिवाय मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तिच्या मुळांना चिकटून वाढतात आणि त्या गर्दीत माशांचंही काही चालत नाही. त्यापेक्षा कुमुदिनी लावा. नर्सरीत ती वॉटर लिली म्हणून मिळते. कमळाची पानं पाण्याच्या वर उंच उभी राहतात आणि त्याला जागा फार लागते. कुमुदिनीची पानं पाण्यावर तरंगतात, लहान तळ्याला तीच बरी. कुंडीत चिकणमाती भरून वर खडे पसरा, शेणखत नको. पायरीवर वेखंड आणि ब्राह्मी छान येते.

पहिल्या पावसाळ्यात आशाताई घरोघर पाणी तपासायला आल्या, तेव्हा वहिनी मुद्दाम त्यांच्याबरोबर आमच्या परसात आल्या. आशाताईंनी बॅटरी मारून पाच मिनिटं पाहिलं. तळ्यात एक अळी नव्हती. त्याच दिवशी आमच्या गल्लीत अळ्या सापडल्या त्या एका कूलरमध्ये, फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये. वहिनींनी घरी जाऊन स्वतःचा कूलर पुसून कोरडा केला. पुढच्या आठवड्यात बरणी घेऊन आल्या, त्यांच्या हौदासाठी गप्पी मागायला!

जाता जाता थोडंसं...

* पहिल्या महिन्यात पाणी हिरवं होतं. घाबरून उपसू नका. पानं वाढली की आपोआप निवळतं.
* कुजकी पानं आठवड्याला काढा आणि वर्षातून एकदा, उन्हाळा संपताना, निम्मा गाळ काढून झाडांना घाला.
* दर आठवड्याला कडेच्या पाण्यात वाकून बघा. अळ्या वळवळताना दिसल्या तर मासे कमी पडताहेत असं समजा.
* घरात रांगतं मूल असेल आणि जाळी करणं जमत नसेल, तर दोन-तीन वर्षं थांबा. तळं कुठे पळून जात नाही.

आणि अंगण नसेल तर? गुरांची सिमेंटची जुनी नांद मिळते, तिच्यात एक कुमुदिनी आणि चार गप्पी आरामात राहतात. फक्त तिलाही ऊन हवं, जाळी हवी आणि आठवड्याची नजर हवी. कागद, गवंड्याची मजुरी आणि जाळी मिळून आमचं सगळं काम माझ्या एका भिशीत बसलं. तुमच्याकडे जागा असेल तर येत्या एप्रिलमध्ये परसात रांगोळी टाकून बघा. आणि घरातलं कुणी “कशाला?” म्हणालं तर रागावू नका. त्यांचा प्रश्न वहीत लिहून घ्या, बांधकामात त्याचाच उपयोग होतो.