‘मोझी’ म्हणजे घाईने जाणं की रमतगमत? एका इंग्रजी शब्दाची उलटी चाल

रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला. पुण्यात धो धो पाऊस. आमच्या टीममधला सीनिअर, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, बाइकवरून भिजत ऑफिसला पोहोचला आणि उजाडायच्या आत त्याने सिस्टीम सुरू केली. पत्रकारितेत येण्याआधीची, माझ्या पहिल्या नोकरीतली ही गोष्ट. अमेरिकेतल्या क्लायंटला झाल्या प्रकाराचा मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘याचं इंग्रजी बरं आहे’ असा टीमचा समज होता. तोच तोच ‘वेंट’ किती वेळा लिहायचा, म्हणून मी जरा वेगळा शब्द शोधला आणि लिहिलं, ‘आवर इंजिनिअर इमिजिएटली मोझीड टू द ऑफिस.’

क्लायंटचं उत्तर सभ्य होतं, पण बोचरं. सिस्टीम बंद असताना पुढच्या वेळी इंजिनिअरने जरा घाई केली तर बरं होईल, असा त्याचा सूर होता. त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारला गेला तो मला नाही, दादाला. ‘तू रात्री नक्की किती वाजता निघालास?’

चूक माझ्या एका क्रियापदाची होती.

मग ‘मोझी’चा अर्थ काय?

स्पेलिंग एम, ओ, एस, ई, वाय. उच्चार ‘मोझी’, म्हणजे ‘रोझी’शी यमक जुळेल असा. आजच्या वापरात त्याचा अर्थ आहे आरामात, रमतगमत, कसलीही घाई नसल्यासारखं जाणं. कुठे जायचं ते ठरलेलं असेल किंवा नसेलही, पण तिथे वेळेत पोहोचायची फिकीर नाही. मराठीत आपण ‘जरा चक्कर टाकून येतो’ म्हणतो, त्याच्या हा शब्द बराच जवळ जातो.

आता माझ्या मेलमधलं वाक्य पुन्हा वाचा. ‘सर्व्हर बंद पडल्यावर आमचा इंजिनिअर ताबडतोब रमतगमत ऑफिसला गेला.’ क्लायंटने तेच वाचलं होतं.

पण डिक्शनरीत तर ‘घाईने निघून जाणं’ लिहिलंय!

हो, आणि मी फसलो तो इथेच. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशात ‘मोझी’चा पहिला अर्थ आजही घाईने निघून जाणं असाच दिलाय. रमतगमत जाणं हा अर्थ दुसऱ्या क्रमांकावर. मी पहिला वाचला आणि ॲप बंद केलं.

गंमत अशी की हा शब्दकोश अर्थांचा क्रम इतिहासाप्रमाणे लावतो. जो अर्थ भाषेत आधी आला तो आधी, मग आज तो कुणी वापरत असो वा नसो. ‘मोझी’ अमेरिकेत 1829च्या सुमारास लिखाणात दिसू लागला. तेव्हा तो पळ काढणं, सटकणं अशा अर्थाने वापरला जायचा. आपल्या कट्ट्यावरच्या भाषेत ‘कल्टी मारणं’. पुढे त्याचा वेग मंदावत गेला आणि शब्द जवळपास उलट अर्थावर येऊन थांबला. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या ऑक्सफर्डच्या शब्दकोशात मात्र थेट आजचाच अर्थ मिळतो, सावकाश आणि खास हेतू नसताना जाणं.

शब्द मुळात आला कुठून, याचं पक्कं उत्तर कोणाकडेच नाही. स्पॅनिशमधल्या ‘व्हामोस’चा, म्हणजे ‘चला’चा, हा अपभ्रंश असावा असा एक तर्क आहे. इंग्लंडमधल्या एखाद्या बोलीतून तो आला असावा, असा दुसरा. दोन्ही तर्कच.

वापरायचा कसा?

‘मोझी’ सहसा एकटा येत नाही. त्याच्यासोबत दिशा सांगणारा छोटा शब्द लागतो. ‘मोझी ओव्हर टू द कॅन्टीन’ म्हणजे जरा कॅन्टीनकडे चक्कर टाकू. ‘आय शुड मोझी अलाँग’ म्हणजे आपलं ‘चला, निघावं आता’. तेच वाक्य, जे म्हटल्यावर पाहुणे आणखी अर्धा तास दारात उभे राहून बोलतात. भूतकाळ ‘मोझीड’, चालू क्रियेसाठी ‘मोझीइंग’. व्याकरण सोपं आहे, अवघड आहे तो सूर.

हा बोलीतला, मुख्यतः अमेरिकन शब्द. त्याला काउबॉय सिनेमांचा वास आहे, त्यामुळे अनेकदा तो थोड्या मिश्किलपणे वापरला जातो. मित्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालेल. इन्सिडंट रिपोर्ट, रजेचा अर्ज, व्हिसाचा इंटरव्ह्यू इथे नको.

गेमर मंडळींना याचं एक भारी उदाहरण आठवेल. 1997च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये शेवटच्या लढाईआधी नायक क्लाउड साथीदारांना ‘लेट्स मोझी’ म्हणतो. जगाचा निकाल लागायचाय आणि हा म्हणतो, चला, जरा चक्कर टाकून येऊ! सिड नावाचा साथीदार त्याच्यावर लगेच वैतागतो, काहीतरी दमदार बोल म्हणून. शब्दाचा सूर कळायला मला इतका उपयोग कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकाचा झाला नाही. फक्त हा गेम मी खेळलो तो मेल पाठवल्यानंतर दोन वर्षांनी.

आपण असे का अडखळतो?

मराठीत आपण बहुतेक वेळा ‘जाणं’ किंवा ‘चालणं’ हे साधं क्रियापद घेतो आणि चाल कशी ते शेजारी सांगतो. रमतगमत गेला, लगबगीने गेली, पाय ओढत गेला. इंग्रजीत ती चाल क्रियापदाच्या पोटातच असते. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी जगातल्या भाषांमधला हा फरक मांडलाय. म्हणून आपल्याला सगळी इंग्रजी क्रियापदं ‘जाणं’चेच पर्याय वाटतात, आणि एकाच्या जागी दुसरं टाकलं की झालं असं वाटतं.

तसं होत नाही. ‘स्ट्रोल’ म्हणजे साधा फेरफटका. ‘सॉन्टर’मध्ये थोडी ऐट आहे. ‘ट्रेप्स’ म्हणजे कंटाळवाणी पायपीट. ‘श्लेप’ हा यिडिशमधून आलेला, त्यात ओझं ओढत नेल्याचा त्रास आहे. यातला कुठलाही शब्द वापरण्याआधी त्या जागी मराठीत ‘रमतगमत’, ‘ऐटीत’, ‘पाय ओढत’ टाकून वाक्य एकदा मनात वाचा आणि डिक्शनरीत सगळे अर्थ खालपर्यंत स्क्रोल करा. पाच सेकंदांचं काम आहे.

दादासाठी मी नंतर दुसरा मेल लिहिला. टीम लीडला सीसीमध्ये ठेवून, चूक माझ्या शब्दाची होती असं स्पष्ट सांगून. त्यात ‘मोझीड’च्या जागी ‘रश्ड’ होता, आणि तो रात्री घरून किती वाजता निघाला ती वेळही.