फाईलचा पत्ता आणि मोकळ्या जागेची किंमत

बुटीबोरी - नागपूर-वर्धा मार्गावरील येथील औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या संगणकावर 'बुटीबोरी युनिट २' या नावाचे फोल्डर आहे, असे समजा. माणसाच्या दृष्टीने हे एकच नाव आहे. मात्र, कमांडच्या ओळीत ते तसेच लिहिल्यास संगणक तीन निरनिराळे शब्द वाचतो. कारण तेथे मोकळी जागा ही शब्द संपल्याची खूण मानली जाते.

ही बाब किरकोळ नव्हे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपल कंपनीने 'आयट्यून्स'ची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. जुनी प्रत काढून टाकण्याच्या कमांडमध्ये डिस्कचे नाव अवतरण चिन्हांत घालायचे राहून गेले होते. त्यामुळे नावात मोकळी जागा असलेल्या डिस्क बाळगणाऱ्या काही ग्राहकांची भलतीच माहिती पुसली गेली. अखेर कंपनीला ती आवृत्ती मागे घेऊन सुधारित आवृत्ती द्यावी लागली.

एखाद्या चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेऊन ते साधे अक्षर म्हणून वाचायला लावणे, यालाच 'एस्केप करणे' असे म्हणतात. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांत अनेकदा 'विशेष चिन्हे एस्केप करा' एवढीच सूचना असते. ती कोणत्या वाचकासाठी, हे मात्र सांगितलेले नसते. गोंधळाचे मूळ नेमके येथेच आहे.

लिनक्समध्ये कमांड वाचणाऱ्या 'शेल'साठी मोकळ्या जागेआधी बॅकस्लॅश (\) द्यावा लागतो किंवा संपूर्ण पत्ता अवतरण चिन्हांत लिहावा लागतो. विंडोजमध्ये पहिला उपाय चालत नाही. १९८३ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तेथे बॅकस्लॅश फोल्डर वेगळे करण्यासाठीच वापरला जातो. कारण साधा स्लॅश (/) त्याआधीच कमांडचे पर्याय दर्शविण्याच्या कामी आला होता. म्हणून तेथे दुहेरी अवतरण चिन्हे हाच मार्ग उरतो.

सी, जावा वा पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिताना पुन्हा वेगळाच नियम लागू होतो. तेथे बॅकस्लॅशपुढे इंग्रजी 'एन' आल्यास नवी ओळ आणि 'टी' आल्यास टॅब, असा अर्थ घेतला जातो. साहजिकच या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फोल्डरचा पत्ता मधेच तुटतो. अशा वेळी बॅकस्लॅश दोनदा लिहावा.

वेबपत्त्यांत मोकळ्या जागेऐवजी टक्के चिन्हापुढे २० हा आकडा येतो. 'बुटीबोरी' या नावातील अक्षरे व मात्रा मिळून आठ चिन्हे होतात. यातील प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि प्रत्येक बाइट वेबपत्त्यात तीन खुणांनी लिहिला जातो. परिणामी हे छोटेसे नाव तेथे तब्बल ७२ खुणांचे होते!

तात्पर्य, कोणतेही चिन्ह स्वतःहून 'विशेष' नसते. वाचणारा प्रोग्रॅम त्याला विशेष ठरवितो. म्हणून पत्ता लिहिण्यापूर्वी तो कोण वाचणार, हे आधी पाहावे. फाईल पुसण्याची कमांड देताना तर ही खातरजमा अनिवार्यच समजावी.