‘क्लिअरन्स’ : कारखान्यातील एका शब्दाचे तीन अर्थ

गिरगाव, परळ, लालबाग या भागांतील मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत ‘क्लिअरन्स’ हा शब्द नित्य कानी पडतो. वस्तुतः तो तीन भिन्न अंतरांचा वाचक आहे. झडपेच्या दांड्याचे टोक व रॉकर यांमधील फट हे पहिले अंतर; दट्ट्या आणि सिलिंडरची भिंत यांमधील सैलपणा हे दुसरे; आणि वर आलेल्या दट्ट्याचा माथा व उघडी झडप यांमधील जागा हे तिसरे. नेहमीच्या दुरुस्तीत पहिल्या दोहोंशीच संबंध येतो व प्रसंगावरून अर्थ उमगतो. इंजिनाची शक्ती वाढवू जाता तिसरे अंतर पुढे येते, आणि तेथे शब्दाची संदिग्धता महागात पडते.

उदाहरणादाखल मुंबईच्याच गाडीचे इंजिन घ्यावे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४पासून बनू लागलेली फियाट ११०० डी पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेली. टॅक्सी म्हणून ती २०२३च्या ऑक्टोबरात शहरातून निवृत्त झाली. हौशी मंडळींनी जपलेल्या काही गाड्या मात्र आजही आहेत. तिच्या इंजिनात ६८ मिमी व्यासाचे चार सिलिंडर असून दट्ट्याची धाव ७५ मिमी आहे. म्हणजे घनफळ सुमारे १०८९ घन सेंमी. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये बसतो, क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो आणि पुशरॉड व रॉकर यांच्याद्वारे झडपा उघडतो.

शक्ती वाढविण्यासाठी झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट निवडतात. अशा कॅममुळे इंजिन वरच्या फेऱ्यांवर अधिक श्वास घेते. परंतु खालच्या फेऱ्यांवर त्याची ओढ घटते. धावपट्टीवर हा सौदा फायद्याचा ठरतो, दादर टी. टी. ते लालबाग या पदोपदी थांबणाऱ्या रहदारीत तो बहुधा तोट्याचाच.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. झडप सर्वाधिक उघडते तेव्हा ती दट्ट्याला भिडेल, असे सहज वाटते. पण त्या वेळी दट्ट्या बराच खाली असतो. धोका असतो तो उत्सर्जनाच्या अखेरीस, दट्ट्या शिखराजवळ येतो तेव्हा. शिखरापूर्वी सुमारे १० अंशांवर मिटणाऱ्या उत्सर्जक झडपेचा दट्ट्या पाठलाग करतो, तर शिखरानंतर तितक्याच अंशांवर उघडणारी प्रवेशक झडप दट्ट्याचा पाठलाग करते. म्हणून कमाल उचल किती यापेक्षा त्या क्षणी झडप किती उघडी आहे हे महत्त्वाचे. प्रवेशक बाजूस सुमारे २ मिमी व उत्सर्जक बाजूस २.५ मिमी जागा असावी, असा सामान्य संकेत आहे. उत्सर्जक झडप अधिक तापून लांबते. शिवाय अतिवेगात स्प्रिंगा झडपांना वेळेवर मिटवू शकत नाहीत.

समजा, मूळ जागा ३.५ मिमी आहे. दाब वाढविण्यासाठी हेडला १ मिमी फेस मारला आणि नव्या कॅमने त्या क्षणी आणखी १.२ मिमी जागा व्यापली, तर उरते १.३ मिमी. झडप वाकण्यास एवढे पुरेसे आहे. दट्ट्याच्या माथ्यावर नरम माती थापून, हेड बसवून, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. मग हेड उतरवून माती कापावी व सर्वांत पातळ थर मोजावा. या वेळी टॅपेटची फट नीट लावलेली हवी. ती अधिक राहिली तर झडप कमी उघडते, आणि मोजलेले अंतर फसवे मोठे दिसते.

म्हणजे पहिला ‘क्लिअरन्स’ तिसऱ्याच्या मापात शिरतो. आणि तरीही तिघांना नाव एकच! ‘क्लिअरन्स कमी आहे’ या वाक्याचा उपाय पहिल्या अर्थी स्क्रू फिरविणे, दुसऱ्या अर्थी सिलिंडर घासून मोठा करणे, तर तिसऱ्या अर्थी दट्ट्याच्या माथ्यात झडपेपुरता खळगा कोरणे हा होय. ॲल्युमिनियमचा दट्ट्या बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावत असल्याने दुसरे अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांत राखावे लागते. तिसऱ्याचे माप पुऱ्या मिलिमीटरांत. एवढा फरक असूनही शिकाऊ मुलाला आज्ञा मिळते ती एकाच शब्दात.

यावर नवा संस्कृत शब्द घडविण्याची गरज भासत नाही. तो कोशातच राहण्याचा संभव अधिक. टॅपेटची ‘फट’, दट्ट्याचा ‘सैलपणा’ आणि झडपेखालची ‘जागा’ हे घरचेच शब्द आहेत, आणि तेलकट हातांच्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाहीत.