दारात वाळूची पोती लावताना



मिरग निघाला की शिरोळ, करवीर भागातल्या बैठकांत एक विषय हमखास निघतो, यंदा पाणी येणार का? २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तुम्ही सोसलाय, त्यामुळे पूर म्हणजे काय ते मी सांगायला नको. पण बऱ्याच गटांतून विचारणा झाली, दारात वाळूची पोती लावली तर घर वाचतं का?

गल्लीचं, गटाराचं, ओढ्याचं फूटभर पाणी असेल तर पोत्यांचा चांगला उपयोग होतो. पोती पाणी पूर्ण अडवत नाहीत, थोडं झिरपतंच. पण पाण्याचा जोर आणि गाळ अडतो, सामान वर चढवायला वेळ मिळतो. नदीच घरात येणार असेल, तर मात्र पोत्यांचा भरवसा धरू नका.

पोतं कसं भरायचं?
सिमेंटचं रिकामं पोतं झटकून घ्या. वाळू निम्मीच भरा. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं गोल होतं, दोन पोत्यांत फट राहते. निम्मं पोतं दबतं, नीट बसतं. तरीही वजन पंचवीस किलोच्या आसपास जातं, म्हणून दोघींनी उचला. खताचं पोतं मोठं असतं, त्यात तिसरा हिस्साच भरा. वाळू नसेल तर रेताड माती चालते. खडी नको, त्यातून पाणी सरळ येतं. आणि नदीतून परस्पर वाळू उपसू नका, तो गुन्हा आहे.

कसं लावायचं?
आधी उंबऱ्यासमोरचा कचरा काढा. दाराला बाहेरून जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री लावा, तिचं खालचं टोक जमिनीवर पसरा आणि त्यावर पहिला थर ठेवा. पोत्याचं तोंड दुमडून खाली दाबा. पुढचं पोतं त्या दुमडीवर थोडं चढवा. प्रत्येक पोतं पायानं तुडवून चपटं करा. वरचा थर विटांच्या बांधकामासारखा, सांध्यावर सांधा येऊ न देता. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोती थोडी पुढे जाऊ द्या. एका दाराला तीन थर धरले तर दहा-बारा पोती लागतात.

एक गोष्ट हमखास विसरते. पाणी संडासाच्या भांड्यातून आणि मोरीतूनही उलटं वर येतं. एक पोतं प्लास्टिकच्या पिशवीत घालून भांड्यावर ठेवा, एक मोरीच्या तोंडावर.

थांबायचं कुठं?
दोन फुटांच्या वर पाणी अडवायचा प्रयत्न करू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं भिंत ढासळू शकते. मातीची भिंत असेल तर त्याआधीच बाहेर पडा.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आहे, ४३ फूट धोका पातळी. पाणी इशारा पातळीकडे सरकायला लागलं की जनावरं, म्हातारी माणसं, लहान मुलं आधी हलवा. धान्य माळ्यावर, गटाची वह्या-पासबुकं प्लास्टिकमध्ये, मेन स्विच बंद. "पोती लावल्यात, बघू उद्या" असं म्हणू नका. २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि त्यात आपल्यासारख्या बायका, लेकरं गेली. रस्ता उघडा असताना चालत निघणं केव्हाही चांगलं.

पूर ओसरल्यावर
भिजलेल्या पोत्यांत गटाराची घाण असते. ती वाळू परसबागेत टाकू नका, मुलांना त्यात खेळू देऊ नका. पोती हलवल्यावर साबणानं हात धुवा. कोरडी उरलेली पोती सावलीत ठेवा, उन्हात ती विरतात.

येत्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं दहा रिकामी पोती जमवायची. गावात कुठं बांधकामाची वाळू शिल्लक आहे ते विचारून ठेवायचं. आणि एकट्या राहणाऱ्या, गरोदर, आजारी ताईंची यादी करून कुणी कुणाला बाहेर काढायचं ते नावानिशी वहीत लिहायचं. पोती भरायला एक दुपार पुरते, पण ही यादी आधी झालेली हवी.

तुमची,
क्षेत्र समन्वयक