एकोणिसाची रीत आणि रोमन अंक

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरील शिलालेखात राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या भारतातील आगमनाचे वर्ष नेहमीच्या अंकांत नव्हे, तर ‘एम, सी, एम, एक्स, आय’ अशा पाच अक्षरचिन्हांत कोरलेले आहे. त्यातून १९११ कसे निघते हे उमगले की रोमन अंकलेखनाची बहुतेक सारी रीत हाती येते, आणि त्या रीतीतील सर्वांत चतुर भाग मराठी मोजणीतही मुरलेला असल्याचे ध्यानात येते.

या पद्धतीत मूळ चिन्हे सातच आहेत : आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. दशमान पद्धतीत अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरते, म्हणजे ५ हा अंक एककस्थानी पाच असतो आणि शतकस्थानी पाचशे होतो. रोमन चिन्हाची स्वतःची किंमत मात्र कोठेही बदलत नाही, आणि म्हणूनच रिकामे स्थान दाखवणाऱ्या शून्यावाचून त्या लेखनाचे काही अडत नाही. चिन्हे मोठ्याकडून लहानाकडे मांडून त्यांची बेरीज करायची, हा पहिला नियम होय. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते १६६६ हे वर्ष या नियमाचा अत्यंत देखणा नमुना आहे, कारण ‘एम-डी-सी-एल-एक्स-व्ही-आय’ असे ते लिहिताना सातही चिन्हे उतरत्या क्रमाने प्रत्येकी एकदाच येतात.

केवळ बेरजेवर भागवायचे तर ९०० साठी डीपुढे चार वेळा सी लिहावा लागतो. ही लांबण टाळण्यासाठी मोठ्या चिन्हाच्या डावीकडे लहान चिन्ह ठेवून ते मोठ्यातून उणे करतात, आणि ९०० हे ‘सीएम’ या दोनच अक्षरांत मावते. कोणतीही संख्या रोमन अंकांत आणताना आधी तिची हजार, शेकडा, दहम आणि एकक अशी फोड करावी व प्रत्येक भागाचे चिन्ह क्रमाने लिहीत जावे; १९११ चे १०००, ९००, १० आणि १ हे भाग ‘एम-सीएम-एक्स-आय’ होतात ते असे. मात्र आय हा व्ही व एक्सच्या, एक्स हा एल व सीच्या आणि सी हा डी व एमच्याच आधी येऊ शकतो, एवढे बंधन प्रचलित रीतीने घातलेले आहे. त्यामुळे १९९९ हे दोन हजारांतून एक वजा करून लिहिता येत नाही, तर ‘एम-सीएम-एक्ससी-आयएक्स’ असेच लिहावे लागते. एकच चिन्ह लागोपाठ तीनदाच येऊ शकत असल्याने साध्या चिन्हांची मजल ३९९९ पर्यंत जाते. त्यापुढे चिन्हावर आडवी रेघ देऊन त्याची किंमत हजारपट करतात.

खुद्द रोमन लोक इतके काटेकोर नव्हते. रोममधील कलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या दारावर चाळीस वजाबाकीने (‘एक्सएल’) आणि त्यापुढचे चार मात्र सलग चार आय काढून दाखवलेले आहेत, म्हणजे एकाच संख्येत दोन्ही रीती नांदतात. इ. स. ९ मध्ये जर्मनीतील लढाईत पडलेल्या मार्कुस काइलिउस या सेनाधिकाऱ्याच्या स्मृतिशिलेवर त्याच्या अठराव्या पलटणीचा क्रमांक ‘एक्स-आयआयएक्स’ असा, म्हणजे दहा आणि पुढे दोन कमी दहा अशा मांडणीने कोरलेला आहे. आजच्या नियमांनी ही चूक ठरेल. पण लॅटिनमध्ये अठराला ‘दुओदेविगिंती’, म्हणजे ‘दोन कमी वीस’, असेच म्हणतात, तेव्हा पाथरवटाच्या हातून उतरले ते बोलीतलेच गणित होते.

त्याच भाषेत एकोणिसाला ‘उंदेविगिंती’, म्हणजे ‘एक कमी वीस’, हा शब्द आहे, आणि मराठीतील ‘एकोणीस’ ज्या संस्कृत ‘एकोनविंशति’पासून आला त्याचाही अर्थ एकाने ऊन, म्हणजे कमी, असे वीस हाच आहे. मराठीने ही रीत एकोणतीस, एकोणचाळीस अशी थेट एकोणनव्वदपर्यंत नेली; नव्व्याण्णवला मात्र ती सोडून नव्वदात नऊ मिळवले.