प्रकाशाची शेवटची पाचशे पावले

मुळेच्या काठचे, म्हातोबाच्या देवळाभोवती वसलेले आणि १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आलेले वाकड हे गाव आज हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानात नोकरी करणाऱ्या हजारो कुटुंबांचे वसतिस्थान झाले असून, कस्पटे वस्तीपासून भूमकर चौकापर्यंत उभ्या असलेल्या उंच इमारतींतील या कुटुंबांना पाणी आणि वीज यांच्या खालोखाल जर कशाची निकड भासत असेल, तर ती आंतरजालाच्या जोडणीची होय. नव्या सदनिकेचा ताबा मिळून सामानाची खोकी पुरती उघडलेलीही नसतात, तोच दोन-तीन कंपन्यांचे प्रतिनिधी पत्रके घेऊन दाराशी हजर होतात. प्रत्येक पत्रकावर ठळक टायपात एक आकडा असतो, शंभर, तीनशे किंवा हजार मेगाबिट, आणि त्याखाली मासिक दर; या दोहोंचा भागाकार मांडून ग्राहकाने निर्णय घ्यावा, अशी एकंदर अपेक्षा असते. माझ्या मते निवड करण्याच्या कामी हा आकडाच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. सेवेची प्रत ठरते ती रस्त्यावरील खांबापासून आपल्या मेजापर्यंतच्या चार-पाचशे पावलांत. ती वाट प्रत्येक इमारतीची निराळी असते आणि तिचा उल्लेख कोणत्याही पत्रकात सापडत नाही.

निवडीचा हा प्रश्न तसा अलीकडचाच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेसाठी आंतरजालाची सेवा खुली केली, तेव्हा दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट इतका वेग मिळे आणि पुरवठादार एकच असल्यामुळे पारख करण्याचा प्रसंगच येत नसे. खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले ते १९९८च्या अखेरीस. आज बीएसएनएल, जिओ, एअरटेल, टाटा प्ले, हाथवे आणि त्यांच्या जोडीला गल्लीगल्लीतले स्थानिक केबलवाले एकाच इमारतीच्या दारी येऊन ठेपले आहेत, आणि ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी किमान २ मेगाबिट वेग हवा असे सरकारने २०२३ साली ठरविले असले, तरी वाकडमध्ये त्याच्या पन्नासपट वेगाची योजना ही आता सर्वांत साधी समजली जाते.

घरात प्रत्यक्ष येते ती काच. एक अष्टमांश मिलिमीटर व्यासाचा अतिशुद्ध काचेचा तंतू, आणि त्याच्या गाभ्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद अशी प्रकाशाची वाट, एवढाच त्याचा ऐवज. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम या दोघांनी इंग्लंडमध्ये असे प्रतिपादन केले की काचेतून प्रकाश दूरवर जात नाही तो काचेच्या स्वभावामुळे नव्हे, तर तिच्यातील अशुद्धीमुळे. त्यानंतर चारच वर्षांनी अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी पुरेशी शुद्ध काच ओढून दाखविली आणि काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आज असा तंतू आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगर येथील स्टरलाइटच्या कारखान्यात, ओढला जातो, आणि केबलींच्या धंद्यातील फिनोलेक्स हे नाव तर पिंपरीच्या रहिवाशांना मुंबई-पुणे रस्त्यावरून जाता-येता परिचयाचे झालेले आहे. या काचेत एक किलोमीटर अंतर कापताना प्रकाशाचा जेमतेम सहा-सात टक्के अंश नाहीसा होतो.

मग प्रकाश मंदावतो कोठे? मुख्यतः वाटणीत. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वस्तीत पोचल्यावर ‘स्प्लिटर’ नावाच्या चिमुकल्या डबीत शिरतो आणि तेथे त्याचे बत्तीस किंवा चौसष्ट फाटे होतात. समईच्या एका ज्योतीवरून दुसरी ज्योत लावली तर पहिलीचे तेज उणे होत नाही. येथे मात्र उलट प्रकार असून, प्रत्येक दुभागणीत प्रकाश निम्मा होतो, आणि बत्तीस घरांत विभागला गेला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बत्तिसावा हिस्साच उरतो. त्यात भर पडते ती सांध्यांची, धूळ बसलेल्या टोकांची आणि दाराच्या चौकटीशी काटकोनात मुडपलेल्या तंतूची. कारण काचतंतू तीव्र वळणावर मुडपला की गाभ्यातला प्रकाश भिंत ओलांडून बाहेर सांडतो. केंद्रातून दोन मिलिवॉट प्रकाश निघाला, तर घरातील यंत्राला त्याचा हजारावा अंश मिळेपर्यंत काम चालते; त्याखाली गेले की यंत्रावर लाल दिवा लागतो.

जोडणीला आलेला कारागीर हा हिशेब तोंडपाठ करून आलेला असतो. तो हातातील लहानशा मापकाला तंतूचे टोक जोडतो आणि पडद्यावरील आकडा पाहून ‘पॉवर उणे एकोणीस आहे, चालेल’ किंवा ‘उणे सव्वीस येतेय, सांधा परत मारावा लागेल’ असे सांगतो. हे माप डेसिबलचे असते. आकडा जितका शून्याच्या जवळ तितका प्रकाश अधिक, आणि उणे सत्तावीस ही बहुतेक यंत्रांची शेवटची पायरी. वेगाची चाचणी भ्रमणध्वनीवर करून दाखविण्यापेक्षा हा आकडा कारागिराकडून विचारून घेऊन तारखेसह टिपून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. उणे सव्वीसवर सुरू झालेली जोडणी त्या दिवशी पूर्ण वेगाने चालते, आणि पुढे कोणी इमारतीतील केबलींच्या शाफ्टमध्ये दुसरी केबल ओढताना तिला जरासा हिसका दिला की एका रात्रीत बंद पडते.

फायबर म्हणून जे विकले जाते ते सगळे एकाच जातीचे नसते, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. वर वर्णिलेल्या पद्धतीत केंद्र आणि घर यांच्या दरम्यान विजेवर चालणारे काहीही नसते. स्प्लिटर ही निव्वळ काच असते. याउलट पुष्कळ स्थानिक पुरवठादार इमारतीच्या गच्चीपर्यंत किंवा जिन्यापर्यंतच फायबर आणतात, तेथे एक ‘स्विच’ बसवितात आणि पुढे प्रत्येक घरात तांब्याची केबल सोडतात. वेगाच्या दृष्टीने यात फारसे वावगे नाही. परंतु तो स्विच सोसायटीच्या सामाईक विजेवर चालतो. महावितरण आमच्या भागात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीजपुरवठा बंद ठेवते हे सर्वांस ठाऊक आहेच. गुरुवारी घरातील इन्व्हर्टरवर राउटर चालू असूनही ज्याचे नेट जाते, त्याच्या वाटेत कोठेतरी वीज मागणारी पेटी बसलेली आहे आणि तिच्या बॅटरीची देखभाल कोणी करीत नाही, असे खुशाल समजावे. म्हणून शेजाऱ्याकडे चौकशी करावयाची ती ‘स्पीड किती मिळतो’ अशी नव्हे, तर ‘गुरुवारी चालते का’ अशी. आणि शेजारी म्हणजे त्याच विंगमधला, समोरच्या इमारतीतला नव्हे.

आता पत्रकावरील त्या आकड्याकडे वळू. घरगुती सेवेत सर्रास वापरली जाणारी ‘जीपॉन’ ही पद्धती एका तंतूवरून सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट माहिती घरांकडे पाठवू शकते. हे बत्तीस घरांत समान वाटले तर प्रत्येकी अठ्ठ्याहत्तरसुद्धा येत नाहीत. मग त्यांतील प्रत्येकाला तीनशेचे वचन कसे दिले जाते? यात फसवणूक आहे असे मानण्याचे कारण नाही. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली संभाव्यतेच्या आधारे दाखवून दिले की ग्राहक आपापल्या मर्जीने आणि एकमेकांस न विचारता दूरध्वनी उचलीत असतील, तर शेकडो ग्राहकांचे काम मोजक्या तारांवर सुखाने भागते. आंतरजालाचा सारा व्यवहार याच सिद्धांतावर उभा आहे. एका जोडणीइतक्या क्षमतेत किती ग्राहक सामावून घ्यावेत याला पुरवठादार ‘कंटेन्शन’ म्हणतात, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ साली घरगुती ग्राहकांसाठी त्याची मर्यादा पन्नास ठरविली होती.

एर्लांगच्या गणितातील गृहीतक मात्र वाकडमध्ये लंगडे पडते. येथील ग्राहक एकमेकांपासून स्वतंत्रपणे वागत नाहीत. न्यूयॉर्कच्या कचेऱ्या सकाळी नऊला उघडतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, आणि कॅलिफोर्नियात कामाला प्रारंभ होतो तेव्हा रात्रीचे साडेनऊ-साडेदहा. म्हणजे एका खोलीत परदेशस्थ सहकाऱ्यांशी दृक्‌श्राव्य बैठक, दुसऱ्या खोलीत मुलांचा चित्रपट आणि तिसऱ्या खोलीत आजोबांचे कीर्तन ही तिन्ही एकाच घटकेस, आणि तीही इमारतीतील बहुसंख्य घरांत एकदम, सुरू होतात. अशा प्रसंगी पुरवठादाराने पुढील क्षमता किती राखून ठेवली आहे यावर सारे अवलंबून राहते. दुपारी बाराला केलेल्या वेगाच्या चाचणीस म्हणूनच काही अर्थ नाही. ती रात्री दहाला करावी, राउटरला संगणक तारेने जोडून करावी, आणि चढत्या दिशेचा, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा वेगही अवश्य पाहावा, कारण बैठकीत आपला चेहरा गोठतो तो त्याच्या अभावी.

काही विलंब असा असतो की जो पैशाने कमी होत नाही. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. पुण्याहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास असल्याने जाऊन येण्यास सेकंदाचा आठवा भाग लागणारच, आणि सागरी केबली काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. मुंबईच्या किनाऱ्यावरून निघून तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्या वळणांनी त्या जातात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातील सेवा कित्येक दिवस रखडली होती. शंभरऐवजी हजार मेगाबिटची योजना घेतली म्हणून अमेरिकेतील सहकाऱ्याचे उत्तर लवकर येत नाही. देशांतर्गत वाहतुकीचे मात्र निराळे: दोन भारतीय पुरवठादारांमधील माहिती परदेशाला वळसा घालून परत येऊ नये म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही विनिमय-केंद्रांची संस्था स्थापन झाली, आणि जो पुरवठादार मुंबईतील अशा केंद्रांशी भक्कमपणे जोडलेला असतो त्याच्याकडून पुणे-मुंबई फेरी काही मिलिसेकंदांत पुरी होते.

तक्रारींपैकी पुष्कळशा पुरवठादाराच्या दप्तरी नोंदल्या जात असल्या, तरी त्यांचे मूळ घराच्या भिंतींत असते. वाकड, पुनावळे, ताथवडे या पट्ट्यातील अनेक नव्या इमारती ‘मायवान’ पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभारलेल्या आहेत, आणि त्यांत बाहेरच्याच काय, दोन खोल्यांमधल्या भिंतीही विटांच्या नसून लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या असतात. वाय-फायच्या लहरींना अशी भिंत फार जड जाते. त्यांतही ५ गिगाहर्ट्‌झच्या सहा सेंटिमीटरांच्या लहरी अधिक वेग देणाऱ्या, पण भिंतीत अधिक विरणाऱ्या, तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या साडेबारा सेंटिमीटरांच्या लहरी तुलनेने आरपार जाणाऱ्या, पण त्यांच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या अवघ्या तीन, आणि त्या तिन्हींवर वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे राउटर आधीच ठाण मांडून बसलेले. बांधकाम व्यावसायिक केबलीची पेटी बहुधा मुख्य दाराजवळ ठेवतो, कारागीर राउटर तेथेच चपलांच्या कपाटावर टांगून जातो, आणि तीन काँक्रीटच्या भिंती ओलांडून शेवटच्या शयनगृहात पोचलेला वेग पाहून गृहस्थ कंपनी बदलतो. त्याने तेवढ्याच खर्चात भिंतीतील नळीतून एक तार ओढून आत दुसरे प्रक्षेपक यंत्र बसविले असते, तर जुन्याच कंपनीने त्याचे काम चोख बजावले असते.

सोसायटीच्या कारभाराचा एक भाग येथे विसरता येत नाही. कित्येक ठिकाणी बांधकाम व्यावसायिक किंवा कमिटी एकाच पुरवठादारास शाफ्ट वापरण्याचा जणू मक्ता देते आणि इतरांच्या दरखास्ती हरकती काढून अडवून ठेवल्या जातात. मला हे सर्वथैव अयोग्य वाटते. शाफ्ट ही सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता असून, निवडीचा हक्क तेथेच हिरावला गेल्यावर पुढील सारी चिकित्सा व्यर्थ होय. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ साली इमारतींच्या अंकीय जोडणीस मानांकन देण्याचे विनियम काढले आहेत. घर खरेदी करणाऱ्यांनी चटई क्षेत्रफळाबरोबर तेही विचारण्यास सुरुवात करावी.

ज्यांची रोजी-रोटी जोडणीवर अवलंबून आहे असे लोक हल्ली दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतात. कल्पना उत्तम आहे. पण दोन्ही तंतू एकाच खांबावरून लोंबत आले असतील, किंवा एकाच चरातून जात असतील, तर मेट्रोच्या, जलवाहिनीच्या वा मलनिःसारणाच्या कामावरील जेसीबीचा एकच दात दोहोंना एकदम तोडतो. म्हणून दुसरी जोडणी घेताना ती इमारतीत कोणत्या बाजूने शिरते हे खाली उतरून प्रत्यक्ष पाहावे. ती निराळ्या बाजूने मिळत नसेल, तर २०२३च्या गणेश चतुर्थीस पुण्यासह आठ शहरांत सुरू झालेल्या जिओ एअरफायबरसारखी, मनोऱ्यावरून ५जी लहरींनी येणारी सेवा दुय्यम म्हणून घ्यावी. तिचा वेग गर्दीच्या वेळी काचतंतूइतका स्थिर राहत नाही, पण जमिनीतील खोदाईशी तिच्या शेवटच्या टप्प्याचा काही संबंध नसतो. मात्र खिडकीतून तो मनोरा दिसतो की मधे दुसरी इमारत उभी आहे, हे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे, आणि पहिला भरणा वर्षाचा न करता एका महिन्याचाच करावा.